मॅडम, चॅट डिलीट करू नका आणि त्या राजीनाम्यावर सही तर अजिबात नको

तुम्ही काहीही न लपवता सगळं लिहिलंत ते बरं केलंत. बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते. या मॅडम एका खाजगी अनुदानित ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवतात, ६ वर्षं झाली, नोकरी परमनंट. बारावीतला एक मुलगा, वय १७ पूर्ण, डाऊट विचारायला त्यांच्या पर्सनल नंबरवर मेसेज करायचा, मग हळूहळू घरातली भांडणं सांगायला लागला, मॅडम धीर देत गेल्या, रात्री साडेअकरा-बारापर्यंत चॅट, मधेमधे लाल बदाम, 'तू माझा लाडका आहेस' वगैरे. दोन महिन्यांनी त्याने लिहिलं की तुम्ही मला आवडता. मॅडमनी 'असं बोलू नये, अभ्यासाकडे लक्ष दे' असं उत्तर दिलं पण बोलणं चालूच राहिलं. मग एका रात्री त्याने 'मी जीवाचं काहीतरी बरंवाईट करीन' असं लिहिलं, मॅडम घाबरल्या, ४० मिनिटं फोनवर समजावलं आणि दुसऱ्या दिवशी ब्लॉक केलं. आता स्क्रीनशॉट वर्गात फिरतायत, मुलाची आई कॉलेजमधे येऊन ओरडून गेली. प्रिन्सिपल म्हणतात चॅट उडवा, माफीनामा लिहा, राजीनामा टाईप करून ठेवलाय त्यावर सही करा, विषय संपला. मिस्टर म्हणतात मुलाच्या घरी जाऊन हातापाया पडून मिटवू. आणि मॅडम विचारतात, मी बाई, तो मुलगा, चार महिन्यांत १८ चा होईल, मला पॉक्सो (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा) कसा लागेल?

कायद्यावर येतेच, पण त्याच्याआधी एक. तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात तो मुलगा सध्या कसा आहे याबद्दल एकही ओळ नाही. ब्लॉक केलंत ते ठीक, पण जीवाचं बरंवाईट करीन म्हणालेल्या पोराला ब्लॉक करताना ते कुणालातरी, म्हणजे त्याच्या आईवडिलांना नाहीतर कॉलेजला, सांगायला हवं होतं. ते अजून झालेलं नाही. म्हणून आज पहिलं काम तेच, प्रिन्सिपलना लेखी कळवा की या विद्यार्थ्याने अमुक तारखेला असा मेसेज केलाय, पालकांना ताबडतोब सांगावं आणि समुपदेशकाची सोय करावी. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ आणि मुलांसाठीचा १०९८ हे दोन्ही नंबर पत्रातच टाका. तुम्ही स्वतः त्याला फोन करू नका, मैत्रिणीच्या फोनवरूनही नको, 'सॉरी, काळजी घे' एवढंसुद्धा नको. कठोर वाटेल, पण आता तुमचा एक शब्दही त्या पोराला परत त्याच भोवऱ्यात ओढेल आणि तुमच्याविरुद्ध पुरावा होईल तो वेगळाच.

आता पॉक्सो. लागू शकतो. २०१२ च्या या कायद्यात १८ वर्षांखालचं कुणीही, मुलगा असो की मुलगी, बालकच, आणि आरोपी बाई असली म्हणून सूट नाही. तो चार महिन्यांनी १८ चा होईल याला काही अर्थ नाही, मेसेज केले त्या दिवशी तो किती वर्षांचा होता तेवढंच बघतात. तुम्ही पत्रात तीनदा लिहिलंय की सुरुवात त्याने केली. मॅडम, हे वाक्य आजपासून बंद करा. त्याला शिक्षिका आवडली हा गुन्हा नाही आणि त्याची चूकही नाही, त्या वयात होतं तसं, आणि अल्पवयीन मुलाची संमती कायदा मानतच नाही. मोठं माणूस तुम्ही होतात, त्यामुळे रेषा आखायचं काम तुमचं होतं.

पण लागू शकतो म्हणजे गुन्हा झालाच असं नाही, ते नीट समजून घ्या. कलम ११ मधे लैंगिक छळाच्या ज्या गोष्टी दिल्यात त्यात लैंगिक हेतूने मुलाशी फोनवरून वा ऑनलाईन वारंवार संपर्क ठेवणं ही एक आहे, शिक्षा कलम १२ खाली ३ वर्षांपर्यंत आणि दंड. सगळं अडतं ते हेतू या शब्दावर. तुम्ही पाठवलेलं जे लिहिलंय त्यावरून माझं मत असं की हे ११ मधे बसत नाही, ती निष्काळजी माया आहे. फक्त अडचण अशी की खटला उभा राहिला तर कलम ३० प्रमाणे कोर्ट असा हेतू होता असं गृहीत धरून चालतं आणि तो नव्हता हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं, तेही संशयाला जागा न ठेवता. रात्री बारा वाजता पाठवलेला बदाम अनोळखी माणसाला कसा दिसतो, तो विचार करा.

आणि म्हणूनच चॅट डिलीट करायचं नाही. स्क्रीनशॉट काढणाऱ्या पोरांनी काय घेतलं असेल? बदाम आणि 'लाडका'. 'असं बोलू नये, अभ्यासाकडे लक्ष दे' ही ओळ त्यात असेल का, मला तरी वाटत नाही. ती आज खात्रीने फक्त तुमच्या फोनमधे आहे, आणि तुम्हाला वाचवणारी ओळ तीच आहे. शिवाय पुरावा म्हणून लागू नये यासाठी इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, म्हणजे जो गुन्हा कदाचित झालाच नाही तो टाळायच्या नादात दुसरा खराखुरा करून बसाल. पूर्ण चॅट पहिल्या मेसेजपासून एक्स्पोर्ट करून ठेवा, फोन बदलू नका, फॉरमॅट करू नका, डिसअपिअरिंग मेसेज चालू असेल तर बंद करा. कोर्टात हे दाखवायचं झालं तर साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतं, ते वकील बघून घेईल, मूळ फोन मात्र जपून ठेवा.

राजीनाम्याचं सांगते. तुम्हाला १९७७ चा महाराष्ट्र खाजगी शाळा कर्मचारी कायदा लागू आहे, त्याचं मोठं संरक्षण आहे आणि ते तुम्ही एका सहीने घालवणार आहात. कलम ७ प्रमाणे राजीनामा कर्मचाऱ्याने स्वतः करायचा असतो, दोन प्रतींवर सही-तारीख घालून एक रजिस्टर पोस्टाने मॅनेजमेंटला पाठवायची, एक स्वतःकडे. केबिनमधे बसवून टाईप केलेल्या कागदावर घेतलेली सही म्हणजे ही पद्धत नव्हे, पण एकदा सही झाली की जबरदस्ती होती हे सिद्ध करत वर्षं जातात. त्यापेक्षा त्यांना चौकशी करू द्या. या कायद्याखालच्या नियमावलीतल्या नियम ३६ प्रमाणे चौकशी समितीत एक माणूस मॅनेजमेंटचा, एक तुम्ही सुचवलेला खाजगी शाळेतला कर्मचारी आणि एक राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला शिक्षक, आरोप लेखी द्यावे लागतात, तुम्हाला उत्तराची आणि उलटतपासणीची संधी मिळते. विरुद्ध निकाल लागून काढलंच तर ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपील आहे. राजीनामा दिलेल्या माणसाला यातलं काहीच सहज मिळत नाही, आणि गावभर अर्थ एकच निघतो.

माफीनामाही नको. त्यातलं 'माझ्याकडून गैरवर्तन झालं' हे एक वाक्य पुढे कबुली म्हणून वाचलं जाईल. पण 'माझं काहीच चुकलं नाही' असंही लिहू नका कारण ते खरं नाही. जे घडलं ते तारखेने लिहा, मी वैयक्तिक नंबरवरून उशिरापर्यंत उत्तरं दिली, रात्री ११ नंतर थांबायला हवं होतं, त्याने भावना सांगितल्या त्याच दिवशी मी कळवायला हवं होतं ते कळवलं नाही. चूक म्हणा, गुन्हा म्हणू नका.

मिस्टरांना सांगा, मुलाच्या घरी जाऊ नका. उद्या तक्रार झाली तर ती भेट साक्षीदारावर दबाव म्हणून उभी राहील. आणि अशा गोष्टी घरगुती मिटतात हा गैरसमज आहे, राजस्थानातल्या एका शिक्षकाविरुद्धच्या केसमधे मुलीच्या वडिलांनी तडजोड केली म्हणून हायकोर्टाने एफआयआर रद्द केला होता, सुप्रीम कोर्टाने ७ नोव्हेंबर २०२४ ला तो निकाल फिरवून केस परत चालू केली. ती केस तुमच्यापेक्षा खूप गंभीर होती, पण तत्त्व तेच. प्रिन्सिपलसाठी पण एक गोष्ट आहे. त्यांना खरोखर गुन्हा झालाय असं वाटत असेल तर पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि आपल्या हाताखालच्या माणसाबाबतची गोष्ट दडपणाऱ्या संस्थाप्रमुखाला कलम २१ मधे १ वर्षापर्यंत शिक्षा आहे. आणि गुन्हा झाला नाही असं वाटत असेल तर राजीनामा कसला मागतायत?

आता थोडं बोलते, रागवू नका. तुमची माया खोटी होती असं मला एक क्षणही वाटत नाही. माझ्याकडे अशा केसेसमधे जे शिक्षक येतात त्यातले बरेचसे जीव लावणारेच असतात, कारण ज्याला पोरांचं काही पडलेलं नाही तो रात्री बारा वाजता उत्तर कशाला देईल. पण घरात भांडणं असलेल्या १७ वर्षांच्या मुलाला रोज रात्री फक्त त्याच्यासाठी जागणारी एक मोठी व्यक्ती मिळाली की त्याच्या मनात काय होईल हे त्याच्या हातात नसतं. डाऊट वर्गाच्या ग्रुपवर घ्यायचे ज्यात दुसरे एक शिक्षक असतील, संध्याकाळची एक वेळ ठरवायची, कुणी घरचं दुःख सांगितलं तर ऐकायचं पण स्टाफरूममधे, दार उघडं ठेवून, आणि त्याच दिवशी समुपदेशकाला सांगायचं. यात माया कुठेच कमी होत नाही, फक्त ती एकटीची आणि लपलेली राहात नाही. सहकाऱ्यांच्या ग्रुपवर स्वतःची बाजू मांडायला त्याचे मेसेज टाकायचा मोह होईल तर तोही टाळा, अल्पवयीन मुलाची ओळख उघड होणं म्हणजे पुन्हा नवीन प्रकरण.

पोलीस ठाण्यातून फोन आला तर एकट्या जाऊ नका, तोंडी काही सांगत बसू नका, अटकेची भीती खरी वाटली तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ खाली अटकपूर्व जामीन मागता येतो, त्यासाठी फौजदारी वकील आत्ताच बघून ठेवा, म्हणजे रात्री शोधाशोध नको. पण आज फक्त मुलाबद्दलचं ते पत्र. दोन प्रती काढा, एक प्रिन्सिपलना, एक संस्थेच्या सेक्रेटरींना, दोन्हींची शिक्का आणि तारखेसह पोच घ्या, आणि पोच द्यायला नाही म्हणाले तर तिथून थेट पोस्टात जाऊन रजिस्टर करा.