लाल पट्ट्याचा प्रश्न सुटेल, पण भरतीचं काय?

ठाणे खाडी ते मुंबई बंदर एवढ्या टापूतला तरंगता गाळ सेंटिनेल-२ उपग्रहाच्या प्रतिमांवरून मोजायचाय, पण गढूळ भागात लाल पट्ट्याचं (लाल रंगाच्या तरंगलांबीचं) परावर्तन एका पातळीपुढे वाढतच नाही, हा तुमचा प्रश्न. तुमचं गणित चुकलेलं नाही. गाळ फार झाला की लाल पट्टा संपृक्त होतो, म्हणजे गाळ आणखी वाढला तरी त्याचं परावर्तन वाढत नाही. तिथे ८६५ नॅनोमीटरचा निअर-इन्फ्रारेड (लाल रंगापलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा) पट्टा घ्या. त्या तरंगलांबीचा प्रकाश पाणी स्वतःच भरपूर शोषतं, म्हणून गाळ वाढेल तसा संकेतही वाढत राहतो. डॉग्लिओटी आणि सहकाऱ्यांची २०१५ ची पद्धत हेच करते: लाल परावर्तन ०.०५ च्या खाली असेल तर लाल, ०.०७ च्या वर निअर-इन्फ्रारेड, मधल्या मूल्यांना दोन्हींचं मिश्रण. मात्र त्यातून टर्बिडिटी, म्हणजे पाण्याचा गढूळपणा मिळतो. गाळाचे मिलिग्रॅम प्रति लिटर हवे असतील तर तुमच्याच नमुन्यांवरून नातं बसवावं लागेल.

वातावरणीय दुरुस्तीसाठी (म्हणजे प्रतिमेतून हवेचा आणि धुरक्याचा वाटा वजा करायला) ॲकोलाइट हे सॉफ्टवेअर वापरा, फुकट आहे. खुल्या समुद्रासाठीच्या जुन्या पद्धती निअर-इन्फ्रारेडमध्ये पाणी काळं धरतात, म्हणजे पाण्यातून काहीच प्रकाश परत येत नाही असं मानतात. आपल्या खाडीत तसं धरलं तर गाळाचा संकेत धुरकं समजून वजा होतो.

खरी गोची पुढे आहे, आणि ती बहुतेक प्रबंधांत निसटते. हा उपग्रह मुंबईवरून नेहमी सकाळी अकराच्या आसपासच जातो. आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची भरती इथे दुपारी बारा-एकच्या सुमारास भरते (पावसाळ्यातले पालिकेचे इशारे आठवा). म्हणजे उधाणाची प्रत्येक प्रतिमा भरती चढत असतानाची. उधाणाची ओहोटी जोरात ओढतेय, अशी प्रतिमा दहा वर्षं गोळा केल्या तरी हाती लागणार नाही. अष्टमीच्या भांगाला (सर्वांत कमी चढउताराच्या भरती-ओहोटीला) बरोबर उलटं, तेव्हा ओहोटी संपत आलेली असते. त्यात जून ते सप्टेंबर ढग, म्हणजे नद्यांचा गाळ येतो तेव्हाच डोळे बंद. म्हणून 'मासिक सरासरी गाळ' असे नकाशे मी तरी करणार नाही. प्रत्येक प्रतिमेची वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्याशी जुळवा, प्रतिमांचे गट तिथीप्रमाणे पाडा आणि तुलना गटातल्या गटात करा. भांगाच्या प्रतिमांत उघडी पडलेली चिखलाची मैदानं १६१० नॅनोमीटरच्या पट्ट्याने आधी वगळा, नाहीतर तोच चिखल भयंकर गढूळ पाणी म्हणून नकाशात येईल. अटल सेतूलगतचे पिक्सेलही काढून टाका.

नमुने उपग्रह जाण्याच्या आगेमागे अर्ध्या तासात, पृष्ठभागाजवळचेच घ्या. इतक्या गढूळ पाण्यात त्याखालचं उपग्रहाला दिसत नाही. गाळल्यावर फिल्टर, कडेसकट, डिस्टिल्ड पाण्याने नीट धुवा आणि मगच १०५ अंशांवर सुकवा. समुद्राच्या एक मिलिलिटर पाण्यात साधारण ३५ मिलिग्रॅम मीठ असतं, ते फिल्टरवर राहिलं तर तुम्ही गाळ म्हणून मीठच तोलाल.