गालाच्या पेशीत पेशी विभाजनाच्या अवस्था का दिसत नाहीत? मग प्राण्याच्या कुठल्या पेशीत बघायच्या?

गालाच्या पेशीत त्या दिसणारच नाहीत, कितीही स्लाईड करा. टूथपिकनं खरवडून निघतात त्या पार वरच्या थरातल्या, झडायला आलेल्या पेशी, त्यांचं विभाजन कधीच थांबलेलं असतं, ते चालू असतं खाली तळाच्या थरात आणि तिथपर्यंत टूथपिक पोचत नाही. मायक्रोस्कोपचा काही दोष नाही, जागा बदला.

मी परभणीकडं बीएस्सीच्या पोरांचं झूऑलॉजी प्रॅक्टिकल घेतो. सूत्री विभाजन (मायटोसिस, एका पेशीच्या सारख्याच दोन पेशी होतात ते) बघायचं असेल तर डिपार्टमेंटमध्ये व्हाईटफिशच्या ब्लास्टुलाची तयार स्लाईड आहे का विचारा, बहुतेक ठिकाणी कपाटात पडून असते. ते माशाचं एकदम सुरुवातीचं भ्रूण असतं, पेशी भराभर विभागायल्यात, त्यामुळं एकाच स्लाईडवर पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था अशा चारही अवस्था सापडतात, गुणसूत्रांना ओढणारे तर्कूचे धागेसुद्धा चांगले दिसतात.

स्वतः स्लाईड करायची असेल तर आपल्याकडं नाकतोडा. ऑगस्ट-सप्टेंबरात सोयाबीनच्या बांधावर आखूड मिशांचे पाहिजे तेवढे मिळतात, पण सर किंवा मॅडम सोबत असतील तेव्हाच करा. नराचं वृषण पिवळसर, बारीक नळ्यांचा झुपका असतो, तो 3 भाग अल्कोहोल आणि 1 भाग ग्लेशियल अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडमध्ये फिक्स करायचा (पेशी आहेत त्याच अवस्थेत थांबतात), मग एक-दोनच नळ्या स्लाईडवर घेऊन अ‍ॅसिटोकार्माइन या लाल रंगाचा थेंब टाकायचा, रंग चढू द्यायचा, कव्हरस्लिप, त्यावर ब्लॉटिंग पेपर आणि अंगठ्यानं सरळ खाली दाब. कव्हरस्लिप बाजूला सरकली की पेशी गुंडाळून जातात, सगळी मेहनत वाया. यात जास्त करून अर्धगुणसूत्री विभाजन (मायोसिस, गुणसूत्रं निम्मी होतात ते) दिसतं हे लक्षात ठेवा, सूत्री फक्त नळीच्या बंद टोकाकडं. बऱ्याच जातींत नराची गुणसूत्रं 23 असतात कारण लिंग ठरवणारं एक्स गुणसूत्र एकटंच, वाय नाहीच, आणि मायोसिसच्या पहिल्या पूर्वावस्थेत तो एक्स बाकीच्यांपेक्षा गडद गोळ्यासारखा उठून दिसतो. मला तर अजूनही तो दिसला की लई भारी वाटतं!

बघताना आधी 10एक्सवर सगळी स्लाईड फिरवा, मग 40. सुरुवात मध्यावस्थेपासून करा, गुणसूत्रं मधोमध रांगेत लागलेली असतात म्हणून ती लगेच ओळखू येते. बहुतेक पेशी इंटरफेजमध्येच (दोन विभाजनांच्या मधला काळ) दिसतील, त्यानं नाराज होऊ नका, 24 तासांचं चक्र असलेल्या पेशीत विभाजनाला तासभरच लागतो. आणि एकच पेशी धरून बसू नका, फिक्स केलेली पेशी मेलेली असते, ती पुढच्या अवस्थेत जाणार नाही, वेगवेगळ्या पेशी शोधून क्रम आपणच लावायचा. पेशी विभाजनाचा अभ्यास करणाऱ्या वाल्थर फ्लेमिंग या जर्मन शास्त्रज्ञानं 1882 मध्ये हे सगळं मांडलं तेव्हा त्यानंही मोठी गुणसूत्रं असलेल्या सॅलॅमँडरच्या पिल्लांच्या पेशी निवडल्या होत्या, मटेरियल चांगलं असलं की अर्धं काम होतं.

जर्नलमध्ये अंत्यावस्था काढताना मधोमध सरळ रेघ मारू नका, ती कांद्याच्या मुळातल्या, म्हणजे वनस्पतीच्या पेशीतली. प्राण्याच्या पेशीत कडेनं खाच पडते आणि ती आत आत येत पेशी तोडते.