यादीत राहून गेलेलं नाव

प्रश्न : सेलमच्या चेटूक-खटल्यांत दोषी ठरलेल्या एलिझाबेथ जॉन्सनला मॅसॅच्युसेट्स राज्याने २०२२ मध्ये निर्दोष ठरवलं, असं वाचलं. तिला तर फाशीही झाली नव्हती. मग इतकी वर्षं ती दोषी कशी राहिली? आणि मेलेल्या बाईचं नाव आता साफ करून कोणाचं भलं झालं? – एक वाचक

उत्तर : दुसरा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. त्याचं उत्तर एलिझाबेथनेच १७१२ मध्ये देऊन ठेवलंय, पण तिथवर जायला आधी १६९२ चा उन्हाळा पाहावा लागेल. मॅसॅच्युसेट्स तेव्हा इंग्रजांची वसाहत होती आणि सेलम परिसरात चेटकाच्या आरोपांवरून लोकांवर खटले चालवून त्यांना फाशी दिली जात होती.

एलिझाबेथ सेलमजवळच्या अँडोव्हर गावची, वय बावीसच्या आसपास, लग्न झालेलं नाही. आजोबा फ्रान्सिस डेन तिथले पाद्री. या घरावर तर धाडच पडली : मुली, सुना, नातवंडं, कितीतरी जणांवर आळ आला. ऑगस्टमध्ये एलिझाबेथने कबुली दिली आणि चेटकासाठी वापरलेल्या म्हणून चिंध्यांच्या बाहुल्याही काढून दाखवल्या. आजोबांनी पुढे लिहिलंय की ही पोर फार तर भोळसट म्हणावी अशी. पण कबुलीमागे भोळेपणाच होता असं मला वाटत नाही. त्या उन्हाळ्यात आरोप नाकारणारे फासावर जात होते आणि कबूल करणारे जिवंत राहत होते. अँडोव्हरच्याच सॅम्युअल वॉर्डवेलने कबुली मागे घेतली, सप्टेंबरमध्ये त्याला फाशी झाली.

जानेवारी १६९३ मध्ये नवं न्यायालय बसलं. आरोपीची आकृती येऊन छळते, असल्या साक्षी त्याने मानल्या नाहीत आणि बहुतेक लोक सुटले. दोषी ठरल्या तिघीच, त्यातली एक एलिझाबेथ. जिने उन्हाळ्यात जीव वाचवला, तीच कबुली हिवाळ्यात गळ्याशी आली. मुख्य न्यायाधीश स्टॉटन यांनी फाशीच्या हुकमावर सही केली. गव्हर्नर विल्यम फिप्स यांनी फाशी थांबवली, तेव्हा स्टॉटन संतापून न्यायासनावरून उठून गेले. जीव वाचला, पण दोषाचा शिक्का तसाच राहिला.

१७११ मध्ये वसाहतीने बावीस जणांची दोषसिद्धी रद्द केली आणि ५७८ पौंड १२ शिलिंग भरपाई मंजूर केली. यादी प्रामुख्याने अर्ज करणाऱ्या कुटुंबांवरून झाली. त्यात एलिझाबेथ नव्हती. म्हणून पुढच्या वर्षी तिने स्वतः अर्ज केला : माझ्यावरचा दोष काढा, थोडी भरपाई द्या. तो अर्ज मला फार अस्वस्थ करतो. माझी नोकरी जुन्या दप्तरांतच गेली, त्यामुळे नाव एकदा सुटलं की ते पुन्हा घालायला कोणीतरी चिकाटीने मागे लागावं लागतं, हे मी पाहिलंय. एलिझाबेथच्या मागे कोणी नव्हतं. १७४७ मध्ये ती वारली. मूलबाळ नाही, म्हणजे पुढे अर्ज करणारा वंशजही नाही. १९५७ मध्ये राज्याने या खटल्यांतल्या दोषींची नावं साफ करणारा ठराव केला, त्यात ॲन प्युडिएटर हे एकच नाव, बाकीचे 'इतर काही जण'. २००१ मध्ये त्यात पाच बायकांची नावं जोडली, तेव्हाही ही राहिलीच.

शेवटी तिच्यामागे लागली ती नॉर्थ अँडोव्हरच्या शाळेतली आठवीची मुलं. नागरिकशास्त्राच्या शिक्षिकेबरोबर त्यांनी कागद शोधले, आमदारांना पत्रं लिहिली. सिनेटर डायना डिझोग्लिओ यांनी विधेयक आणलं. ते रेंगाळलं, तेव्हा तो मजकूर राज्याच्या अर्थसंकल्पात घातला गेला आणि जुलै २०२२ मध्ये त्यावर सही झाली. १९५७ च्या त्याच ठरावात तिचं नाव जोडलं गेलं.

भलं कोणाचं झालं, असं तुम्ही विचारता. ही मेलेल्या बाईवर केलेली मेहेरबानी आहे असं मी मानत नाही. अर्ज तिचा होता, तिने जिवंतपणी दिलेला. सरकारने उत्तर द्यायला तीनशे दहा वर्षं लावली. भरपाईचा भाग तर अजूनही तसाच आहे.