जुन्या चर्चचं स्केच काढताना सुरुवात कुठून करावी आणि त्यात इतिहास कसा आणावा?

पहिलं म्हणजे फूटपट्टी घरी ठेवा.

मी वसईचा. नववीत असताना किल्ल्यातल्या सेंट जोसेफ चर्चच्या मनोऱ्याचं स्केच काढलं, दोन रविवार बसून. मनोरा उभा, मागचं छप्पर गेलेलं, दगडांच्या सांध्यांतून झाडं फुटलेली. एका पिंपळाची मुळं भिंतीवरून दोरखंडासारखी खाली आलेली. ती काढण्यातच अख्खी सकाळ गेली. ड्रॉइंगच्या सरांनी कागद हातात घेतला, म्हणाले, "हा काय पसारा? चर्च कसं असतं ते काढ." खोडरबरने मुळं पुसली, पट्टी लावून कडा सरळ केल्या आणि वर कौलारू छप्पर चढवून दिलं. माझ्या आजीच्या आजीनेही न पाहिलेलं छप्पर! कागद इतका घासला की मागून बोट दिसायचं. वर ग्रेड 'क'.

तर, आहे तसं काढा. पडकं असेल तर पडकं.

इतिहासासाठी कोपऱ्यात सनावळीची चौकट करू नका. सेंट जोसेफ मूळ १५४६चं. १६०१ साली ते नव्याने बांधलं, हे दारावरच्या शिलालेखात कोरलंय. तो दगड काढलात की झालं. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा इथल्या चर्चांच्या घंटा देवळांत गेल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा त्यातलीच. आता मनोऱ्याची रिकामी कमान नुसती गडद करून सोडू नका, तिच्यातून पलीकडचं आभाळ दिसू द्या. फ्रान्सिस्कन चर्चमध्ये तर जमिनीतच पोर्तुगीजांच्या थडग्यांचे दगड आहेत. तिथे मांडी घालून बसा, झिजलेली अक्षरं जशी दिसतात तशी उतरवा, वाचता आली नाहीत तरी. लोक 'किल्ला' म्हणतात, पण ते तटबंदीतलं शहर होतं हे तिथे बसल्यावर कळतं.

पेन्सिल कुठलीही चालेल, मी टूबी (2B, जरा मऊ आणि गडद) वापरतो. सकाळी लवकर जा, दुपारी सावल्या मरतात. पावसाळ्यात दगड शेवाळतात, तेव्हा मनोऱ्याच्या जिन्याच्या वाटेला जाऊ नका.

आणि हो, सुरुवात सोपी हवी असेल तर किल्ल्यातल्याच गोन्सालो गार्सिया चर्चचा दर्शनी भाग घ्या. मधे कमानीचं दार, दोन्हीकडे खांबांच्या जोड्या, डावं-उजवं सारखं. तिथे पट्टी न्यायला हरकत नाही. तिथे सर बरोबर ठरले असते. पण मी काढलं होतं सेंट जोसेफ.