दोन वर्षं उभ्या असलेल्या ट्रकचा मागचा ब्रेक ड्रम निघत नाही, गॅसने कापावा का?

तुम्ही लिहिलंय की मोहोळजवळ वस्तीवर ट्रक दोन पावसाळे उभा होता, मागची चाकं उतरवली, पण ड्रम जागचा हलत नाही आणि मिस्तरी म्हणतोय गॅसने कापून टाकू. कापू नका. आधी एवढं बघा, ब्रेक चालवणाऱ्या हवेच्या टाकीत हवा आहे का?

दोन वर्षं उभ्या ट्रकच्या टाकीत हवा राहत नाही. आणि हवा नसली की मागच्या चेंबरमधली (हवेच्या दाबावर ब्रेक चालवणाऱ्या डब्यातली) स्प्रिंग आपोआप ब्रेक लावून बसते; हँडब्रेक चालतो तोच तिच्यावर. त्या स्प्रिंगचा जोर हजार किलोच्या आसपास असतो. म्हणजे तुमचा मिस्तरी ज्याला गंज समजून घण घालतोय, तो अर्धा गंज आहे आणि अर्धा चक्क लावलेला ब्रेक आहे. मी शिकाऊ असताना अक्कलकोट रोडच्या गॅरेजात हेच केलं होतं. सकाळपासून दुपारपर्यंत ड्रम ठोकला, कडेचा टवका उडवला. उस्ताद चहा पिऊन आले, काही बोलले नाहीत, चेंबरच्या बगलेतला बोल्ट काढून मागून घातला आणि स्प्रिंग आवळून घेतली. ड्रम चार ठोक्यांत सुटला. टवक्यामुळे ड्रम भंगारात गेला आणि त्याचे पैसे माझ्या पगारातून गेले, ते वेगळं.

तर आधी पुढच्या चाकांना दोन्हीकडून ओंडके लावा, कारण ब्रेक सुटला की गाडी चालू लागते. मागचा एक्सल घोडीवर (पक्क्या स्टँडवर) घ्या, नुसत्या जॅकवर काम करू नका. मग बाहेरच्या कॉम्प्रेसरने टाकी भरून हँडब्रेक सोडा, नाहीतर तो बोल्ट घालून स्प्रिंग आत ओढून घ्या. चेंबरचा स्प्रिंगकडचा पट्टा मात्र कधीही खोलायचा नाही. ती स्प्रिंग सुटली तर माणूस जागेवर जातो.

त्यानंतर स्लॅक अॅडजस्टर, म्हणजे चेंबर आणि कॅमच्या शाफ्टमधली ब्रेक जुळवायची दांडी, उलटा फिरवून शू आत घ्या. शू म्हणजे लायनर लावलेले ब्रेकचे तुकडे, कॅम फिरला की ते ड्रमला आतून दाबले जातात. जुन्या ड्रमला आतून घासून कडेला ओठ तयार झालेला असतो. शू बाहेर राहिले तर लायनर त्या ओठात अडकतो आणि कितीही ओढा, ड्रम येत नाही. अॅडजस्टर फिरतो पण कॅम फिरत नाही असं झालं, तर कॅमचा शाफ्ट बुशमध्ये जाम आहे. तिथे तेल सोडा आणि पुढे-मागे थोडं थोडं हलवत राहा. एकाच बाजूला जोर लावला तर अॅडजस्टरचे दाते जातात.

आता खरा गंज. लोखंड गंजलं की फुगतं, गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. हब (चाकाचा मधला तुंबा) आणि ड्रम यांच्या मधल्या गोल बैठकीत तो पाचरीसारखा भरतो. तिथे तेल सोडायचं ते संध्याकाळी, आणि हात लावायचा दुसऱ्या दिवशी. डिझेल चालतं, पण हळू. मी पॉवर स्टिअरिंगचं तेल आणि अॅसिटोन निम्मं-निम्मं हलवून वापरतो. ते पेट घेतं, म्हणून गॅस पेटवायच्या आधी पुसून टाकायचं. ठोके स्टडच्या (चाक धरणाऱ्या बोल्टांच्या) मधल्या सपाट भागावर, गोल फिरत, मध्ये लाकूड धरून. कडेवर नाही, ड्रम बिडाचा असतो, तडकतो. बऱ्याच ड्रमच्या तोंडावर आटे पाडलेली दोन भोकं असतात, गंजाने बुजलेली. टोच्याने साफ करा आणि दोन बोल्ट आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळा. पुष्कळदा एवढ्यानेच काम होतं.

गॅस वापरायचाच तर कापायला नाही, तापवायला. बैठकीभोवती ज्योत गोल फिरवा, पाण्याचा थेंब तडतडून उडेल इतकंच, लाल करायचं नाही आणि वर पाणी ओतायचं नाही. हवा भरलेला टायर जवळ नको. ब्रेक क्लीनर मारलेल्या जागी ज्योत लावू नका, काही क्लीनरचा धूर विषारी असतो. तापवल्यावर बेअरिंगचं ग्रीस आणि ऑइल सील बदलायचं धरून चाला.

काही गाड्यांत ड्रम हबच्या मागून बसवलेला असतो. मग हाफ शाफ्ट (डिफरेन्शियलपासून चाकाला फिरवणारा दांडा) काढून हबसकट उतरवावा लागतो. शाफ्टच्या फ्लँजच्या (टोकाच्या चकतीच्या) नटाखाली कोन (निमुळत्या कड्या) असतील तर नट काठापर्यंत सैल करून फ्लँजच्या मध्यावर दणका द्या, कोन उडून वर येतात. खाली पातेलं ठेवा, डिफरेन्शियलचं तेल सांडतं. आणि चाकाच्या स्टडच्या टोकावर एल कोरलेला दिसला तर तो उलट्या आट्याचा आहे. हे न बघता पाना लावून स्टड मोडलेले मी बरेच पाहिलेत.

ड्रम निघाला की आतली धूळ हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा.

रोलर, अँकर पिन असे सुटे तुकडे गंजलेले असतील तर आपल्याकडचा उपाय आहे. एक भाग मळी (साखर कारखान्यातली काकवीसारखी चिकट मोलॅसिस), नऊ भाग पाणी, प्लॅस्टिकच्या बादलीत आठ-पंधरा दिवस बुडवून ठेवा. गंज सुटून येतो. वास सुटतो, म्हणून घरापासून लांब ठेवा. बीड आणि अॅल्युमिनियम त्यात घालू नका. मजा बघा, उसाच्या हंगामात उसाचाच रस आणि चिखल अंगावर घेऊन, न धुता उभे केलेले ट्रक सगळ्यात जास्त जाम होऊन येतात.

परत बसवताना बैठक तारेच्या ब्रशने घासून कॉपर ग्रीसचा पातळ हात फिरवा. लायनरला बोटसुद्धा लागू देऊ नका. चाकाच्या स्टडला ग्रीस नको, नट जास्त आवळला जाऊन स्टड ताणला जातो. मोहोळहून निघालात की सोलापुरात आल्यावर सगळ्या चाकांचे नट परत एकदा आवळून बघा.