‘बाय’ की ‘टिल’? समोरच्याला कळतंय म्हणून चालत नाही

तुम्ही विचारलंय की इंग्रजीतलं ‘बाय’ रोजच्या वाक्यांत बरोबर कसं वापरायचं. तुम्ही ऑफिसात ‘आय विल सबमिट द रिपोर्ट टिल मंडे’ असं लिहिलंत, शेजारचा म्हणाला ‘बाय मंडे’ पाहिजे, आणि शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘समोरच्याला कळल्याशी कारण, एवढा काय फरक पडतो?’

शेजारचा बरोबर आहे. ‘बाय मंडे’च पाहिजे. उत्तर इथंच संपलं असतं, पण ते शेवटचं वाक्य मला सोडवेना. कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे धातू ओतून सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, मी बरीच वर्षं डिस्पॅच, म्हणजे माल रवाना करायचं काम, बघितलं, आणि जवळजवळ याच शब्दांत हे वाक्य मला तोंडावर ऐकवलं गेलंय. तेव्हा जरा लांबण लागेल.

आधी नियम. काम एका वेळेपर्यंत चालू राहणार असेल तर ‘टिल’. काम त्या वेळेच्या आत एकदा उरकणार असेल तर ‘बाय’. रिपोर्ट एकदा द्यायचा आहे, सोमवार उजाडेपर्यंत देत बसायचं नाही, म्हणून ‘बाय’. आपला घोटाळा होतो कारण मराठीत दोन्हीकडं ‘पर्यंत’च येतं. हिंदीच्या ‘तक’चं तेच.

आमचे हायस्कूलचे इंग्रजीचे सर हे दूध संस्थेवरून शिकवायचे. गावात घरोघरी म्हशी, त्यामुळं समजायला वेळ लागायचा नाही. संस्थेत सकाळी आठपर्यंत दूध घेतात, म्हणजे काटा आठपर्यंत चालू आहे : ‘टिल एट’. आणि सातपर्यंत धारा काढून व्हायला पाहिजेत, म्हणजे सातच्या आत काम संपलं पाहिजे, साडेसहालाच झालं तरी उत्तम : ‘बाय सेव्हन’. सर वर्गात एकच प्रश्न विचारायचे, ‘चालतंय का संपतंय?’ मराठी वाक्य त्यांनी सांगायचं, आम्ही आधी ‘चालतंय’ किंवा ‘संपतंय’ म्हणायचं आणि मगच इंग्रजी बोलायचं. मराठी माध्यमाची शाळा, पाचवीत एबीसीडी सुरू झालेली पोरं आम्ही, पण ‘बाय’ आणि ‘टिल’ला वर्गात कुणी चुकायचं नाही.

आता फरक काय पडतो ते सांगतो.

ऑगस्ट २०१९. कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गावर पाणी आलं आणि जवळपास आठवडाभर अवजड गाड्या जागच्या हलल्या नाहीत. चिखली, आंबेवाडीकडची आमची माणसं घरदार सोडून निवाऱ्याला गेलेली. मोल्डिंगला माणूस नाही, भट्टी थंड. इटलीच्या एका गिऱ्हाइकाची पंपाची कास्टिंग्ज अर्धी पेट्यांत भरून तयार होती, अर्धी फेटलिंग, म्हणजे ओतलेल्या भागावरचा जादा धातू घासून काढणं, व्हायची राहिलेली. न्हावा-शेव्याला जहाजाचा कटऑफ, म्हणजे कंटेनर बंदरात पोचवायची शेवटची वेळ, ठरलेला होता आणि कंटेनर शिरोलीतनं बाहेर निघायलाच वाट नव्हती.

गिऱ्हाइकाला कळवणं भाग होतं. मेल मार्केटिंगचे साहेब लिहायचे. इंग्रजी माध्यमात शिकलेले, फोनवर बोलायला लागले की ऐकत राहावं असं बोलणं. तारखेचा अंदाज मी दिला होता : रस्ता उघडला की फेटलिंग, शॉट ब्लास्टिंग, तपासणी, पेट्या भरणं, सगळं धरून २५ ऑगस्टच्या आत माल निघेल. त्यांनी लिहिलं, ‘ड्यू टू फ्लड, वी विल डिस्पॅच द पेंडिंग कास्टिंग्ज टिल ट्वेंटी-फिफ्थ ऑगस्ट.’ तारीख बरोबर पडली आहे का बघायला स्क्रीन माझ्याकडं वळवली.

मी म्हटलं, ‘साहेब, तिथं ‘बाय’ घाला. ‘टिल’चा अर्थ पंचवीसपर्यंत पाठवत राहू आणि मग थांबू, असा होतो.’

ते म्हणाले, ‘मामा, तुम्ही गाड्या बघा, इंग्रजी आम्ही बघतो. टिल काय आणि बाय काय, समोरच्याला कळतंय की.’

आजूबाजूला स्टोअरची आणि अकाउंटची पोरं बसलेली. ती हसली. मेल गेला.

ऑगस्टच्या मध्याला इटलीत बहुतेक कारखाने बंद असतात, पंधरा ऑगस्टला त्यांचाही मोठा सण असतो आणि त्याला धरून लोक लांब सुट्ट्या घेतात. त्यामुळं मेल ज्याच्यासाठी होता त्यानं वाचला नाही, सुट्टीत ड्युटीवर असलेल्या कुणीतरी वाचला. त्यानं शब्द जसा आहे तसा घेतला : पूर आल्यामुळं हे लोक २५ ऑगस्टपर्यंत माल सोडतील आणि मग पुरवठा थांबवतील. त्यांची लाइन सप्टेंबरात सुरू व्हायची होती. पुढच्या शेड्यूलचा मोठा हिस्सा त्यांनी दुसऱ्या फौंड्रीला देऊन टाकला आणि आम्हाला मेल केला, ‘पंचविसानंतर तुम्ही पुरवठा पुन्हा कधी सुरू करणार?’ साहेबांनी तो प्रश्न वाचला आणि म्हणाले, काहीतरी गोंधळ झालाय त्यांचा.

गोंधळ त्यांचा नव्हता. इटालियनमध्ये या दोन गोष्टींना सरळ दोन शब्द आहेत. आत उरकायचं असेल तर ‘एन्त्रो’, चालू राहायचं असेल तर ‘फीनो आ’. लहानपणापासून ते या दोन गोष्टी वेगळ्याच बोलतात. आपल्या डोक्यात ‘पर्यंत’ आहे आणि आपण ‘टिल’ लिहिलंय, हे त्यांना कुठून कळणार? सांगलीचा किंवा बेळगावचा वाचणारा असता तर त्यानं मनातल्या मनात दुरुस्त करून घेतलं असतं. जर्मन माणसालाही कदाचित शंका आली असती, कारण त्यांच्या ‘बिस’चं आपल्या ‘पर्यंत’सारखंच आहे आणि तेही इथं चुकतात. इटलीच्या माणसाकडं फक्त आमचा मेल होता. समोरच्याला कळतंय, असं आपण म्हणतो तेव्हा तो समोरचा आपल्यातलाच असतो, हे आपण विसरतो.

शेड्यूल गेलं ते गेलं. महिन्याच्या मीटिंगमध्ये कारण लिहिलं गेलं : पूरपरिस्थिती. मी तिथं बोललो, मेलची प्रिंट दाखवली. मला सांगण्यात आलं की मामा, आता व्याकरणाचा तास घेऊ नका. पूर खराच आला होता, माणसांची घरं गेली होती, त्यामुळं त्या कारणावर कुणी शंका घेणार नव्हतंच. पण माल आम्ही २५च्या आत काढला होता. चिखलीची पोरं घरातला गाळ उपसून ड्युटीवर आली आणि त्यांनी रात्रपाळीत फेटलिंग करून तारीख पाळली. त्या पोरांनी पाळलेली तारीख एका शब्दानं फुकट गेली, याचा राग मला आजही आहे, आणि तो मी लपवत नाही.

साहेब आता दुसरीकडं मोठ्या हुद्द्यावर आहेत. वाचत असतील तर त्यांना सांगतो : साहेब, तुमचं बोलणं सुंदर होतं, पण त्या दिवशी इंग्रजी माझंच बरोबर होतं.

आणि इथं पालक मंडळी वाचत असतील तर त्यांनाही सांगतो. २००० सालापासून महाराष्ट्रात मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. राजारामपुरीत, शाहूपुरीत स्पोकन इंग्लिशच्या पाट्या आहेत. पोरगं फाडफाड बोलतंय एवढ्यावर खूश होऊ नका. लेखी व्यवहारात उच्चाराला काही किंमत नाही. ऑर्डर, कोटेशन, करार, बँकेचं पत्र, या सगळ्यात माणूस शब्द वाचतो आणि त्यावर पैसे लावतो. दोन-चार अक्षरांचे हे शब्दच सांगतात की तुम्ही कशाला बांधील आहात. मोठे मोठे शब्द नंतर शिकवा.

बरं, तुमच्या प्रश्नाकडं येतो.

‘बाय’च्या पुढं वेळेचा बिंदू येतो : बाय फाइव्ह, बाय मंडे, बाय द एंड ऑफ मार्च. मुदत येत नाही. ‘बाय टू डेज’ हे मी कितीतरी मेलमध्ये बघितलंय, ते चूक आहे. दोन दिवसांच्या आत म्हणायचं असेल तर ‘विदिन टू डेज’. ‘इन टू डेज’ म्हटलं की दोन दिवसांनी असा अर्थ निघतो.

नकार आला की जपून. ‘द ट्रक डिडन्ट लीव्ह टिल सिक्स’ म्हणजे सहापर्यंत उभा होता आणि सहाला सुटला. ‘द ट्रक हॅडन्ट लेफ्ट बाय सिक्स’ म्हणजे सहा वाजले तरी सुटला नव्हता, पुढचं माहीत नाही. पुराचंच उदाहरण घ्या. रस्ता सोमवारपर्यंत बंद आहे : ‘द हायवे इज क्लोज्ड टिल मंडे.’ रस्ता सोमवारपर्यंत उघडेल अशी आशा आहे : ‘वी एक्स्पेक्ट इट टू ओपन बाय मंडे.’ सरांचा प्रश्न लावून बघा, पहिल्यात बंद राहणं चालतंय, दुसऱ्यात वाट बघणं संपतंय.

पैशाच्या वाक्यात ‘बाय’ आणि ‘टू’ यांची गल्लत याहून वाईट. समजा कास्टिंगचा दर किलोला ९० रुपये आहे आणि तो ९५ करायचाय. ‘इन्क्रीज्ड बाय फाइव्ह’ किंवा ‘इन्क्रीज्ड टू नाइंटी-फाइव्ह’. ‘इन्क्रीज्ड बाय नाइंटी-फाइव्ह’ लिहिलंत तर तुम्ही १८५ मागितलेत. बाय म्हणजे कितीनं, टू म्हणजे कितीवर.

वाहनाला ‘बाय’ चालतं, पण मध्ये काही घालायचं नाही. ‘बाय बस’, ‘बाय ट्रेन’, ‘बाय कार’. ‘माय’ किंवा ‘द’ आलं की ‘बाय’ गेलं : ‘इन माय कार’, ‘ऑन द बस’. चालत गेलात तर ‘ऑन फुट’. ज्यानं केलं त्याला ‘बाय’, ज्या हत्यारानं केलं त्याला ‘विथ’ : ‘इट वॉज ग्राउंड बाय द ऑपरेटर विथ अ हँड ग्राइंडर.’ जागेला लावलं तर ‘बाय’ म्हणजे अगदी लगत. ‘अ हाउस बाय रंकाळा’ म्हटल्यावर खिडकीतनं पाणी दिसायला पाहिजे. फुलेवाडीत राहणाऱ्यानं ‘निअर रंकाळा’ म्हणावं. बाकी बाय हार्ट, बाय मिस्टेक, बाय हँड हे पाठ करायचे, त्याला नियम शोधत बसू नका.

एक-दोन गोष्टी राहिल्या. बोलताना कुणी ‘टिल मंडे’ म्हणालं तर लगेच दुरुस्त करू नका, समोरासमोर माणूस विचारून घेतो. माझा सगळा आग्रह लेखी व्यवहाराचा आहे. ‘टिल’ आणि ‘अनटिल’ यांत अर्थाचा फरक नाही, ‘अनटिल’ जरा औपचारिक वाटतं एवढंच. ‘ऑफर व्हॅलिड टिल मार्च ३१’ बरोबर आहे, कारण सवलत तोवर चालू आहे. ‘अप्लाय टिल मार्च ३१’ आपल्या नोटिशींवर सर्रास दिसतं. इथल्यांना ते कळतं, तरी तुम्ही लिहू नका.

आणि ‘बाय मंडे’मध्ये सोमवार धरायचा की नाही, यावर लोक खरोखर भांडतात. साधारणपणे धरतात, पण पैसे किंवा दंड अडकला असेल तर ‘ऑन ऑर बिफोर मंडे’ लिहा, म्हणजे वादाला जागा राहत नाही. परदेशात जाणार असेल तर वेळ कुठली तेही लिहा, कारण इटलीचं घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागं असतं. तुमचा रिपोर्ट त्याच ऑफिसात वरच्या साहेबांकडं जाणार असेल, तर ‘आय विल सबमिट द रिपोर्ट बाय फाइव्ह पीएम ऑन मंडे’ एवढं पुरे.