‘साइन 30’ की ‘साइन 30 अंश’?

इंदूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. अकरावीतल्या भाच्याला त्या म्हणाल्या, “साइन तीस म्हणजे अर्धा.” त्यानं मोबाइलवर दाबून पाहिलं तर उत्तर आलं उणे 0.988. तर बोलताना ‘अंश’ गाळला तर चालतो का, आणि रेडियनला मराठीत काय म्हणावं?

ताई, इथे ‘अंश’ गाळून चालत नाही. ‘ताप एकशे दोन’ म्हटलं की डॉक्टर समजून घेतात, पण कोनाच्या बाबतीत नुसत्या आकड्याला स्वतःचा वेगळा अर्थ आहे. रेडियनमधला कोन म्हणजे कंसाची, म्हणजे कोनासमोरच्या वर्तुळाच्या तुकड्याची, लांबी भागिले त्रिज्या. लांबीला लांबीनं भागलं की एकक उडून जातं, उरते कोरी संख्या. म्हणून ज्या आकड्यापुढे काहीच लिहिलेलं नाही तो रेडियनमधला, असा गणिताचा रिवाज. 30 रेडियन म्हणजे चार पूर्ण फेऱ्या आणि वर जवळजवळ 279 अंश. कोन चौथ्या चरणात (270 ते 360 अंशांत) पडला, तेव्हा साइन उणेच येणार. मोबाइलचं काही चुकलेलं नाही.

भाच्याला सांगताना मात्र ‘कंस’ जपून वापरा. आपल्याकडची मुलं शाळेत हिंदीतून चाप, वृत्त, समकोण शिकतात आणि घरी कंस, वर्तुळ, काटकोन ऐकतात. ‘कंसाची लांबी’ म्हटलंत तर तो वहीतला ब्रॅकेट मोजायला घेईल, नाहीतर त्याला कृष्णाचा मामा आठवेल. खुशाल ‘चाप’ म्हणा.

रेडियनला रेडियनच म्हणावं. हे नाव छापलेलं दिसतं ते 1873 साली, बेलफास्टला जेम्स थॉमसन यांनी काढलेल्या प्रश्नपत्रिकेत. कल्पना मात्र आपल्या ‘त्रिज्या’ शब्दाच्या पोटातच आहे. त्रिज्या म्हणजे तीन राशींची ‘ज्या’; ‘ज्या’ म्हणजे जुन्या गणितातला साइन, पण लांबी म्हणून मोजलेला. एक रास 30 अंशांची, तीन राशी म्हणजे काटकोन, आणि काटकोनाची ज्या म्हणजे वर्तुळाची अख्खी त्रिज्या. इ.स. 499 च्या सुमारास आर्यभटानं ज्यांची सारणी दिली, तिच्यात ही त्रिज्या 3438 येते. हा आकडा कुठला? एका अंशाच्या 60 कला, पूर्ण वर्तुळाच्या 21,600. त्यांना 2π नं भागा, 3437.75 येतात. म्हणजे त्यानं त्रिज्याही परिघाच्याच मापानं, कलांत मोजली. एक रेडियन म्हणजे सुमारे 57 अंश 18 कला, त्याच्या कला करा: 3438!

फायदा लगेच दिसतो. सारणीतला पहिला चाप 225 कलांचा, म्हणजे पावणेचार अंशांचा, आणि त्याची ज्याही 225. कोन लहान असला की चाप आणि ज्या जवळपास सारखे असतात, पण दोन्ही एकाच मापात असतील तरच ते दिसतं. अंशात पाहिलं तर 1 अंशाचा साइन 0.01745. हा आकडा कुठून टपकला ते कळत नाही. रेडियनमध्ये 1 अंशच मुळी 0.01745 आहे. साइनचा विकलज (डेरिव्हेटिव्ह) नुसता कोसाइन येतो तोही रेडियनमध्येच. अंशात हे 0.01745 कायम गुणायला लागतं.

‘पाय म्हणजे 180’ असंही सर्रास म्हणतात. तेही सोडावं. पाय म्हणजे 3.14159..., 180 अंश होतात ते पाय रेडियनचे.

आता कॅल्क्युलेटर ‘डीईजी’वर (डिग्री, म्हणजे अंश) आणा म्हणजे अर्धा मिळेल. एक्सेलला ही सोय नाही, ते कोन रेडियनमध्येच धरतं; तिथे 30 ला पायनं गुणून 180 नं भागा. आणि कधी 0.454 आलं, तर कॅल्क्युलेटर ‘ग्रॅड’वर गेलाय असं समजा, त्या मापात काटकोनाचे 100 भाग धरतात.